कंट्रोलची प्लेट

पाव घरी आणला की मी तो उलटा करून खालची बाजू बघते. दुधाची पिशवी फोडण्याआधी नाकाशी नेते. लोणच्याच्या बरणीत कुणी ओला चमचा घातला असेल, तर तो कुणी घातला असेल याचाही मला साधारण अंदाज येतो आणि तो मी बोलून दाखवते. आमचे हे म्हणतात, "तू पोलिसात जायला हवी होतीस." पोलिसात नाही गेले, पण ज्या खोलीत मी नोकरीची निम्मी वर्षं काढली तिथलं कामही काही फार वेगळं नव्हतं. समोर दिसतंय ते खरं मानायचं नाही, याचाच मला पगार मिळत होता.

मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. हा शब्द ऐकून लोक आदरानं गप्प बसतात आणि मग विचारतात, "म्हणजे रक्त-लघवी तपासता का?" तर नाही. आमच्या प्रयोगशाळेत यीस्ट वाढवलं जायचं आणि मग ते मारायचा प्रयत्न केला जायचा. यीस्ट म्हणजे पाव फुगवतं ते. त्याच जातकुळीतलं एक चिवट भावंड माणसाच्या अंगात राहतं. तोंडात, पोटात, बायकांच्या नाजूक जागी. एरवी ते गरीब गाईसारखं पडून असतं. साखर वाढली, प्रतिकारशक्ती घटली, किंवा अँटिबायोटिकनं शेजारचे जंतू मेले की याला मोकळं रान मिळतं. मग खाज, आग, पांढरा स्राव, आणि त्याबद्दल कुणाशी बोलायची चोरी. हा आजार बायका डॉक्टरांनासुद्धा आधी 'थोडी उष्णता झालीय' असं म्हणून सांगतात.

आमची प्रयोगशाळा पुण्याच्या कडेला, धायरीत होती. तेव्हा धायरीत गाव शिल्लक होतं आणि शहर नुकतंच शिरत होतं. बबनराव म्हणून एका शेतकऱ्यानं रानाच्या कडेला दुमजली इमारत बांधली होती. खाली त्याचं एसटीडी-आयएसडी बूथ, वर आम्ही. जागा देताना त्यानं सरांना एकच प्रश्न विचारला होता, "किडं खाली तर येणार न्हाईत ना?" आम्ही तिथं असेपर्यंत त्याला आमचा पूर्ण विश्वास असा कधी वाटला नाही. आमच्या नळाचं पाणी तो प्यायचा नाही. मला त्याचा राग आला नाही, कारण त्याच्या जागी मीही प्यायले नसते.

सर म्हणजे आमचे मालक. अमेरिकेतल्या औषध कंपनीतली नोकरी सोडून ते एक कल्पना घेऊन पुण्यात परतले होते. त्या काळात पुण्यात रोज नवी कंपनी निघत होती. ज्याच्या त्याच्या घरातलं कुणीतरी वायटूकेच्या कृपेनं, म्हणजे दोन हजार सालासाठी संगणक दुरुस्त करायला, विमानात बसलं होतं आणि अमेरिकेहून परत आलेल्या माणसाचं लोक खुर्ची पुढे ओढून ऐकत होते. सर म्हणायचे, "नवीन औषध शोधायला जन्म जातो. जुनी औषधं कपाटात बसलीच आहेत. माणसाला चालतात हेही माहीत आहे. त्यांना आणखी एखादं काम येतं का, एवढंच तर विचारायचंय." रक्तदाबाची गोळी, जंतांचं औषध, जळजळीची, उदासीवरची, संधिवाताची, सगळी मंडळी आमच्या कपाटात रांगेनं उभी होती. त्यांच्यातलं कोण यीस्ट मारतं, हे बघायचं माझं काम.

काम सांगायला सोपं आहे. प्लास्टिकचा एक चपटा ट्रे असतो, त्याला लहान लहान खळगे असतात. प्रत्येक खळग्यात यीस्ट आणि त्याचं खाद्य घालायचं, वर एकेका औषधाचा थेंब. ट्रे उबदार कपाटात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी उजेडाकडे धरायचा. खळगा गढूळ दिसला तर यीस्ट जगलं, स्वच्छ दिसला तर मेलं. झालं. पण एक नियम असा, की त्यातले काही खळगे औषधाशिवाय ठेवायचेच. त्यांत यीस्ट, खाद्य, औषध ज्यात विरघळवलं ते पाणी, सगळं घालायचं. फक्त औषध नाही. त्याला कंट्रोल म्हणतात. ज्याच्यावर तुमचा संशय आहे, त्याला वगळूनही तीच गोष्ट घडते का, हे कंट्रोल सांगतो. औषधाशिवायही यीस्ट मेलं, तर औषधाचं कौतुक थांबवायचं. नव्या मुलांना मी हे पहिल्या दिवशी सांगायची, आणि कंट्रोल नसलेला ट्रे दिसला तर न बघता बादलीत टाकायची. माझ्यामागे ते मला काय म्हणायचे हे मला माहीत आहे.

कंट्रोलचं महत्त्व एकदा सरांनाच शिकवायची वेळ आली. जंतांच्या एका औषधाची शुद्ध भुकटी मागवली होती, ती येईना. सरांचा एक मित्र सॉफ्टवेअरमध्ये भरपूर कमावून आमच्या कामात पैसे घालायच्या विचारानं यायचा होता. सरांना दम निघेना. ते कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गेले, लहान मुलांना देतात ते जंतांचं गोड औषध घेऊन आले आणि स्वतःच्या हातानं ट्रे लावला. सकाळी बघतात तर खळगे नितळ, तळ दिसावा इतके. सरांनी पेढे मागवले. सगळ्यांनी खाल्ले, मी हातात धरून ठेवला.

"तुम्ही का नाही खात?" सरांनी विचारलं.

"फार स्वच्छ आलंय," मी म्हटलं.

"मग चांगलंच आहे ना."

"खरा निकाल इतका स्वच्छ नसतो सर. कुठेतरी एखादं यीस्ट तरी तग धरून बसतंच."

मी बाटली घेऊन मागचं बारीक अक्षर वाचलं. जंतांचं औषध होतं, साखर होती, संत्र्याचा वास होता, आणि एक टिकवण्याचा पदार्थ होता. आता साखरेच्या पाकात टिकवण्याचा पदार्थ कशासाठी घालतात? त्यात यीस्ट वाढू नये म्हणून. मी आमच्या कपाटातून तोच पदार्थ घेतला, साखरेच्या पाण्यात तेवढाच घातला, जंतांचं औषध अजिबात घातलं नाही, आणि ट्रे लावला. दुसऱ्या दिवशी ते खळगेही तितकेच नितळ. चोर दारावरच्या गुरख्यानं पकडला होता आणि हार मालकाच्या गळ्यात पडत होता.

सरांनी ट्रे बराच वेळ उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "पेढे परत घेतात का हो?" माणूस मात्र खरा. मित्र आला तेव्हा त्यांनी हीच गोष्ट त्याला हसत सांगितली. मित्रही हसला आणि पुन्हा आला नाही. आमच्या धंद्याचं मूळ दुखणंही तेच होतं. जुन्या औषधावर कुणाची मालकी उरलेली नसते, त्यामुळे ते उपयोगी ठरलं तरी त्याच्यामागे धावायला कुणी तयार नसतं. पुढे सर दमले, प्रयोगशाळा बंद झाली. आमच्या कपाटातून निघून एकही औषध नव्या नावानं दुकानात गेलं नाही, याची रुखरुख मला आजही आहे. त्या जागी आता व्यायामशाळा आहे आणि पोरं आरशात स्वतःचे दंड बघत असतात. पण एका औषधानं आमच्याकडून जाऊन एक घर वाचवलं, ते सांगायलाच मी हे लिहायला बसले आहे. त्यातल्या माणसांची नावं मी बदलली आहेत.

आम्हाला यीस्ट लागायचं ते दवाखान्यांतून यायचं. विश्रांतवाडीच्या एक स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर आमच्याकडे नमुने पाठवत. स्पष्टवक्त्या बाई. त्यांच्याकडून एकाच पेशंटचा नमुना पुन्हा पुन्हा यायला लागला. नाव वर्षा, वय कमी, लग्न झालेलं. दर वेळी यीस्ट. नेहमीच्या गोळीनं जायला हवं होतं, जात नव्हतं. मला पहिला संशय आला तो पेशंटचा. लोक गोळ्या घेत नाहीत आणि घेतल्या म्हणतात, हा जुना अनुभव. मी डॉक्टरांना फोन केला.

"पेशंट गोळी घेते हे नक्की का?"

"मी काही तिच्या घरी जाऊन बघत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पाठवते तुमच्याकडे. तुम्हीच उलटतपासणी घ्या."

आणि खरंच पाठवली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, मांडीवर पर्स घट्ट धरलेली, खुर्चीच्या कडेवर बसलेली. अकोल्याकडची मुलगी, पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. मी विचारायच्या आत तीच म्हणाली, "मॅडम, दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधणं हाच माझा जॉब आहे. मी गोळी विसरत नाही. सासूबाईंसमोर घेतलीय. त्याच सोबत राहतात ना."

"मग सासूबाईंना माहीत आहे?"

तिनं पर्सची चेन उघडली, लावली. नवरा कंपनीच्या कामाला अमेरिकेला, ऑनसाइट गेला होता. तिचे व्हिसाचे कागद तयार होत होते, मागोमाग तीही जाणार होती. तोवर सोबत म्हणून सासूबाई अकोल्याहून विश्रांतवाडीला आल्या. सून सारखी बायकांच्या डॉक्टरकडे जाते, हे त्यांनी पाहिलं. काय झालंय तेही काढून घेतलं. आणि विचारलं, नवरा तिकडे, मग तुला हे इकडे कुणापासून लागलं?

"मी सांगितलं तसं नसतं म्हणून. त्यांनी ह्यांना फोन केला. ह्यांनी माझे पेपर्स होल्डवर ठेवलेत." ती अगदी सपाट आवाजात बोलत होती. "आई म्हणतात, अकोल्याला माहेरी जाऊन राहा, मग बघू. मॅडम, मी एकदा तिकडे गेले ना, की मग बघणार कुणी नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये लिहून मिळेल का, हे कुणापासून लागत नाही म्हणून?"

"रिपोर्टमध्ये काय वाढलं ते लिहितात," मी म्हटलं. "कुणी काय केलं किंवा नाही केलं, ते लिहीत नाहीत."

मला तोडूनच बोलता येतं. ती मान हलवून उठली. पण त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्या न पाहिलेल्या नवऱ्याचा मला इतका राग आला होता, की मी दोन ट्रेंवर चुकीची चिठ्ठी लावली.

मी तिचं यीस्ट रंगाच्या प्लेटवर टाकलं. ही एक वेगळी प्लेट असते, तिच्यावर यीस्टची प्रत्येक जात आपला रंग दाखवते. नेहमीची जात हिरवी येते. वर्षाची आली जांभळट. ही दुसरीच जात, आणि नेहमीच्या गोळीला दाद न देण्याबद्दल प्रसिद्ध. म्हणजे मुलगी खरं बोलत होती. गोळी पोटात जात होती आणि यीस्ट तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं. माझा संशय योग्य होता, फक्त पत्ता चुकला होता.

मग आम्ही तिच्या यीस्टसमोर सगळं कपाट उभं केलं. रक्तदाबाची गोळी हरली. जंतांचं औषध, या वेळी शुद्ध, तेही हरलं. उदासीवरच्या गोळीनं खळगा स्वच्छ केला, तेव्हा सर खुर्चीतून उठलेच.

"सर, एवढी मात्रा पोटात गेली तर यीस्टच्या आधी बाई जाईल," मी म्हटलं. "प्लेटमध्ये काय, फिनेलनंसुद्धा यीस्ट मरतं."

शेवटी डॉक्टरांचाच फोन आला. "तुमच्या कपाटात बोरिक आहे का? आमच्या शिक्षिका असल्या हट्टी केसेसना कॅप्सूलमधून द्यायच्या. आता कुणी नाव काढत नाही."

बोरिक म्हणजे तुम्हाला वाटतंय तेच. कॅरमच्या बोर्डावर सोंगट्या सरसर जाव्यात म्हणून टाकतात ती पांढरी पावडर. कणकेत कालवून झुरळांसाठी गोळ्या करतात तीही हीच. सरांचा चेहरा पडला. "अमेरिकेहून मी कॅरमच्या पावडरीसाठी आलो का?" असं ते म्हणाले आणि आत जाऊन बसले. माझाही विश्वास नव्हता. मी ट्रे लावला, कंट्रोल लावले, रिकाम्या कॅप्सूलचं कवच विरघळवून त्याचाही कंट्रोल लावला. जांभळं यीस्ट मेलं. मी पुन्हा लावला. पुन्हा मेलं. वाढलं ते फक्त बोरिक नसलेल्या खळग्यांत. एवढं झाल्यावर मी डॉक्टरांना कळवलं आणि वर म्हटलं, "प्लेट म्हणजे माणूस नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच."

"नकोच," डॉक्टर म्हणाल्या.

पेठेतल्या एका जुन्या औषध दुकानदाराकडून त्यांनी मोजून भरलेल्या कॅप्सूल करून घेतल्या. त्या पोटात घ्यायच्या नसतात. तोंडानं घेतलं तर बोरिक विष आहे, आणि गरोदर बाईनं तर लांबच राहायचं. त्या आतून, जिथं दुखणं आहे तिथं ठेवायच्या, आणि तेही डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तितकंच. कॅरमबोर्ड घरात आहे म्हणून कुणी हे वाचून उद्योग करू नयेत, म्हणून सगळं उघड लिहिते आहे.

कॅप्सूल सुरू झाल्या आणि वर्षाला आराम पडायला लागला. तोच तिचा फोन आला. "मॅडम, डबी गेली. आईंनी घेतलीय. विचारलं तर बोलत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रे उजेडाकडे धरून बघत होते. दारात नऊवारी नेसलेली, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई उभी राहिली. विश्रांतवाडीहून धायरी म्हणजे पुण्याचं एक टोक सोडून दुसरं गाठायचं. बाई बस बदलत आली होती आणि खाली बबनरावांशी तिची एक चकमक झालेली मी वरून ऐकली होती. तिनं पिशवीतून आमचा रिपोर्ट काढला, त्यावर आमचा पत्ता होता, आणि मग डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"ह्याच्यावर ना कंपनीचं नाव, ना पट्टी," ती म्हणाली. "मी एक फोडून पाह्यली. हे तं झुरळाचं औषध हाय. माह्या सुनेले तुम्ही झुरळाचं औषध देऊन राहिले काय?"

"औषध डॉक्टर देतात. मी तपासते. आणि तुमच्या सुनेबद्दल मी तुमच्याशी काही बोलू शकत नाही."

"नका बोलू. मले फक्त एक सांगा." तिनं खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. "तुमच्या ह्या मशिनीत कळते काय, कुणापासून लागलं ते?"

हा प्रश्न मला आधी कुणी विचारला नव्हता, आणि मला वाटतं जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेच्या यंत्रांबद्दल याहून मोठी अपेक्षा कुणी केली नसेल. मी म्हटलं, "काकू, चहा घ्या."

"बिनसाखरेचा सांगा. मले शुगर हाय."

चहा आला. तिनं बशीत ओतला. ती मला जागच्या जागी सारखी हलताना दिसत होती, पण लांबचा प्रवास झालाय म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. ती बोलत राहिली. मुलगा किती साधा, घर किती अब्रूचं, सून किती शिकलेली आणि शिकलेल्यांचा काही भरवसा कसा नाही. मध्येच म्हणाली, "अन् आग तं अशी होते, की रात्री डोळ्याले डोळा लागत नाही. पाण्यात बसलं की तेवढं बरं वाटते. पण निजलं की पुन्हा तेच."

मी कप खाली ठेवला. "हे तुम्हाला वर्षानं सांगितलं?"

"ती कायले सांगते? बोलते कुठं माह्याशी."

"मग तुम्हाला कसं कळलं, निजल्यावर पुन्हा होतं म्हणून?"

बशीतला चहा तिनं परत कपात ओतला, तो थोडा सांडला, तो पदरानं पुसला. संशयी माणसाच्या आयुष्यात असे क्षण थोडेच येतात आणि मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. समोर एक म्हातारी होत चाललेली बाई होती आणि ती घाबरली होती.

"माही उष्णता हाय," ती शेवटी म्हणाली.

"आणि तिचं?"

तिनं टेबलावरची डबी दूर सारली. मी विचारलं, किती वर्षं? तिनं हातानं हवेत लांबवर दाखवलं. कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. का? तर म्हणाली, "धनी जाऊन कितीक वर्षं झाले. विधवा बाईनं असं सांगितलं तं लोक काय म्हणतील, बाप्पा?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सुनेला ती जे विचारत होती, ते तिनं आधी स्वतःला विचारलं होतं. उत्तर सापडलं नाही म्हणून आपल्या आजाराला तिनं उष्णता हे नाव देऊन टाकलं, आणि सुनेच्या आजाराला दुसरं. मी तिला विश्रांतवाडीच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. आमच्याकडे नमुना आला तर मी स्वतः बघेन, दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही, असंही सांगितलं. तिनं फक्त विचारलं, "बाईच डॉक्टर हाय ना?" जाताना ती डबी टेबलावरच ठेवून गेली. मी ती त्याच दिवशी वर्षाकडे पोहोचवायची व्यवस्था केली.

नमुना आला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, साखर भलतीच वाढलेली आहे, आधी ती खाली आणावी लागेल. मी प्लेट लावली. शेजारी वर्षाच्या यीस्टची प्लेट पुन्हा लावली, आणि एक रिकामी, कारण माझ्याच्यानं त्याशिवाय राहवत नाही. वाढीला वेळ देऊन प्लेट बाहेर काढली. जांभळट ठिपके. हिरवा एकही नाही.

मी वर्षाला फोन केला. "सासूबाईंना तुझी प्लेट दाखवू का? तू नाही म्हणालीस तर नाही दाखवणार."

"दाखवा," ती म्हणाली. "माझं आता लपवायला काय राहिलंय?"

सासूबाई पुन्हा सकाळच्याच आल्या. मी दोन्ही प्लेटा त्यांच्यासमोर ठेवल्या. ही तुमची, ही तिची. त्या वाकून बघत राहिल्या. चष्मा काढून, पुसून, पुन्हा बघितलं.

"दोन्ही सारखेच," त्या म्हणाल्या.

"हो."

"मंग मी तिले लावलं, का तिनं मले?"

"तसं नाही सांगता येत. हे बाईच्या अंगात थोडंफार असतंच. शुगर वाढली, भलतीसलती औषधं झाली, की ते माजतं. कुणी आणून द्यावं लागत नाही."

"पक्कं?"

"पक्कं असं मी कशालाच म्हणत नाही," मी म्हटलं. मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. "पण काकू, तुमच्याकडे कोण आलं होतं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता ही प्लेट माझ्या अंगावर येणार. मी शब्द परत घेण्याच्या बेतात होते. त्या परत प्लेटांकडे वळल्या. मी त्यांना सांगितलं, आमच्या कामात ज्याच्यावर संशय आहे त्याला वगळून तीच गोष्ट करून बघतात. पुरुषाला वगळलं तरी यीस्ट वाढलं. या सगळ्या भानगडीत कंट्रोलची प्लेट कुठली असेल तर ती तुमची आहे. त्यांना ते शब्द कळले का मला माहीत नाही. त्यांनी उठून पदर नीट घेतला आणि विचारलं, "खाली फोन हाय ना?"

मी त्यांच्याबरोबर खाली गेले. बबनराव बूथच्या बाहेर स्टुलावर बसले होते. सासूबाईंनी कमरेच्या बटव्यातून घडी घातलेला नंबर काढला, मी तो फिरवून दिला आणि काचेच्या त्या खोक्यातून बाहेर आले. तिकडे संध्याकाळ असणार. त्या काळी परदेशात फोन लागला की माणसं आवाज सातासमुद्रापार पोहोचवायची जबाबदारी स्वतःवर घ्यायची. सासूबाईही त्याला अपवाद नव्हत्या. दार नीट लागत नव्हतं. लागलं असतं तरी काही फरक पडला नसता.

आधी जेवलास का झालं, थंडी किती झालं. मग त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं आता ठेवतात. ज्या बाईनं इतकी वर्षं जवळच्या कुणाला सांगितलं नाही, ती स्वतःच्या मुलाला काय सांगणार?

"ऐक," त्या ओरडल्या. "ते वर्षाचं हाय ना दुखणं. मलेही तेच हाय. हो, मले. तुह्या आईले. बारक्या-मोठ्याचा फरक नाही, सारखंच. मॅडमनं दाखवलं मले."

बबनरावांनी स्टुलावरून उठून पाठ फिरवली आणि ते समोरच्या रानाकडे बघायला लागले. सोलापुरी चादरी विकणारा एक माणूस रस्त्यात थांबला.

"हॅलो? ऐकून राहिला ना? तुह्या बापाले जाऊन किती वर्षं झाले, तुले माहीत हाय ना? मंग आता मले विचार. विचार ना, कुणापासून लागलं ते. तिले विचारलं ना, आता मले विचार."

पलीकडून काही आलं नसावं. सासूबाई काचेला टेकल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज जराही खाली आला नव्हता.

"नाही विचारत? मंग कागदं धाड तिचे."